कापलं, भरलं, वापस?

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार, रात्रीचे साडेआठ. पितृपक्ष चालू होता. अकोल्याच्या जठारपेठेत एका गल्लीतलं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि काचेवर लाल अक्षरांत ‘येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. दोन संगणक, त्यातला एक बंद. बाकावर पाच माणसं, सहावा मी. चालू संगणकाच्या पडद्यावर आयकराच्या पोर्टलचं चक्र फिरत होतं आणि आम्ही सहाही जण त्याच्याकडे आरतीला उभं राहिल्यासारखं पाहत होतो.

“गुरुजी, ओटीपी आला का?”

“मले कुठचा येते! आधारले नंबर पोराचा देल्ला हाये.”

गुरुजी मूर्तिजापूरकडच्या शाळेतून निवृत्त झालेले, पोरगा पुण्यात हिंजवडीला. फोन लावला तर तो मीटिंगमध्ये. दुसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला, पण तोवर ओटीपीची मुदत संपली होती. तिसऱ्या वेळी सहा आकडे आले. गुरुजींनी ते मोठ्यानं म्हणून दाखवले, हजेरी घेतल्यासारखे. दुकानदारानं टिपले आणि चक्र पुन्हा फिरू लागलं.

विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै. त्या वर्षी सरकारनंच ती १५ सप्टेंबर केली होती. म्हणजे कावड यात्रा, पोळा, गणपती, महालक्ष्म्या सगळं आटपून माणसं निवांत शेवटच्या दिवसावर आली होती. त्यातच त्या दिवशी आगाऊ कराच्या दुसऱ्या हप्त्याचीही तारीख. मध्यरात्रीच्या सुमाराला मुदत आणखी एक दिवस वाढल्याचं जाहीर झालं. तोपर्यंत देशभरात ७ कोटी ३० लाखांवर विवरणपत्रं दाखल झाली होती. त्यातलं एक गुरुजींचं.

‘विवरणपत्र’ हा शब्द मी इथे लिहितोय खरा, पण त्या दुकानात तो कुणाच्याच तोंडात नव्हता. तिथे ‘रिटन’. रिटन ‘भरतात’. करही ‘भरतात’. फॉर्मही ‘भरतात’. काटेपूर्णेचं पाणी कित्येक दिवसांनी नळाला आलं की तेही भरतात. मराठीनं एकाच क्रियापदावर एवढा भार टाकल्यामुळे एक मोठा घोळ झालाय. रिटर्न भरलं म्हणजे पैसे भरले, असं निम्म्या लोकांना वाटतं. उरलेल्या निम्म्यांना ‘रिटर्न’ म्हणजे परत येणारे पैसे वाटतात. “माह्या रिटन अजून आला नाई,” हे वाक्य मी त्या एका रात्रीत तीनदा ऐकलं. शब्दकोशानुसार ते चूक आहे. पण वऱ्हाडातल्या साध्या माणसाचा आयकराशी संबंध कसा येतो, ते या चुकीत नेमकं आलंय. आधी त्याचे पैसे कुणीतरी ‘कापतं’, मग त्याला काहीतरी ‘भरावं’ लागतं, आणि मग तो ‘वापस’ची वाट पाहत बसतो. त्यानं कर असा कधी दिलेलाच नसतो. मागे मागतो तो मात्र दरवर्षी.

गुरुजींचं प्रकरण सोपं होतं. निवृत्तीच्या पैशांची मुदत ठेव, तिचं वर्षाचं व्याज १,१२,०००. एप्रिलमध्ये बँकेला १५-एच फॉर्म द्यायचा राहिला. ज्येष्ठांसाठी तेव्हा व्याजाची मर्यादा ५०,००० होती, ती ओलांडली म्हणून बँकेनं नियमाप्रमाणे दहा टक्के, ११,२०० रुपये, कापून सरकारजमा केले. (आता ही मर्यादा एक लाख झाली आहे.) पेन्शन आणि व्याज मिळूनही कर लागण्याइतकं उत्पन्न होत नाही. म्हणजे ११,२०० पूर्ण परत. फॉर्मचं नाव ‘सहज’, आणि गुरुजींच्या बाबतीत, पोराची मीटिंग सोडली, तर तो खरोखर सहज होता.

त्यांच्यामागे बसलेल्या माणसाला ‘सहज’ चालत नव्हता. तो शेतकरी होता.

हे मला त्या रात्रीच कळलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे गावातलं पोरगंही सांगेल. पण ते वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर ‘सहज’ फॉर्म वापरता येत नाही, मोठा फॉर्म घ्यावा लागतो. ज्याला कर नाही त्याला फॉर्म मोठा.

तेल्हारा तालुक्यातला साठीचा माणूस. गळ्यात दुपट्टा, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, कोर्टाच्या निकालाची प्रत, बँकेचं पासबुक. धरणाच्या कामात त्याची जमीन कित्येक वर्षांपूर्वी गेली. मोबदला कमी म्हणून दिवाणी कोर्टात दाद मागितली, तिथून प्रकरण नागपूरला हायकोर्टात. वाढीव मोबदला मंजूर झाला तेव्हा त्यावरचं व्याजही आलं. १८९४च्या जुन्या भूसंपादन कायद्यात वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी नऊ आणि पुढे पंधरा टक्के व्याज आहे. कोर्टकज्जा जितका लांबतो तितकं व्याज मुद्दलाच्या अंगावर चढतं. आणि कात्री चालते ती या व्याजावर.

खेड्यातल्या शेतजमिनीच्या मोबदल्यावर कर नाही. २०१३च्या नव्या कायद्याखाली झालेल्या संपादनाच्या मोबदल्यावरही नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं २५ ऑक्टोबर २०१६च्या परिपत्रकात तसं स्पष्ट केलंय. पण वाढीव मोबदल्यावरचं व्याज हे वेगळं उत्पन्न, ज्या वर्षी हातात येईल त्या वर्षाचं, आणि त्यातलं निम्मं वजा करून उरलेल्या निम्म्यावर कर, असा नियम २०१० पासून आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये यातलं काही व्याज मोबदल्याचाच भाग धरलं होतं, म्हणून वकील मंडळी अजून भांडतात. पैसे देणारं खातं भांडणात पडत नाही. ते कापून मोकळं होतं.

हिशेब असा होतो. समजा व्याज सहा लाख. त्यावर दहा टक्के, साठ हजार, कापले. पॅन दिला नसेल तर वीस टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार. प्रत्यक्षात करपात्र किती? निम्मं, तीन लाख. आणि त्या वर्षी नव्या पद्धतीत तीन लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे साठच्या साठ हजार त्याचेच. फक्त मागायला हवेत.

“मी वावर देल्लं, कोर्टात गेलो, जिंकलो,” तो म्हणाला. “मंग हे साठ हजार काहून कापले भाऊ? मी का व्यापारी हाओ?”

दुकानदारानं उत्तर दिलं नाही. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. सातबाऱ्यावर आणि कोर्टाच्या निकालात या माणसाचं नाव नुसतं होतं. पॅनवर त्याच नावाला ‘राव’ लागलेला. आधारवर पुन्हा ‘राव’ नाही. पासबुकात आधी आडनाव, मग नाव, बापाचं नाव गायब. वऱ्हाडात ‘राव’ म्हणजे काय, हे आयकराच्या बेंगळुरूतल्या संगणकाला कोण सांगणार? लहानपणी नुसतं नाव, लग्न झालं, दोन लेकरं झाली, की गाव आपणहून ‘राव’ लावतं. कोणत्या कारकुनानं कोणत्या वयात नाव लिहून घेतलं, त्यावर ‘राव’ असणं-नसणं ठरतं. बायकांचं याहून अवघड. माहेरचं नाव ठेवीवर, सासरचं आधारवर, आणि पॅन काढला तेव्हा कुणीतरी नावातच ‘सौ’ घुसवलेला.

जन्मतारखेचीही तीच गत. खात्याकडून येणारी हिशेबाची सूचना कुलूपबंद असते. तिचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीतला पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. दुकानदार मला म्हणाला, “साठीच्या वरचा गावातला माणूस असला ना सर, तं मी विचारतच नाही. शून्य एक शून्य सहा टाकतो, उघडते.” एक जून! शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी दिलेली तारीख. एका पिढीच्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि तोच तिचा पासवर्ड.

हे सगळं घरबसल्या व्हावं अशी मूळ कल्पना. तिच्या उगमाशी एक मराठी माणूस आहे. विजय केळकर हे नाव विदर्भात अनुशेषामुळे ठाऊक. प्रादेशिक असमतोलावरचा त्यांच्या समितीचा अहवाल २०१३चा, आणि त्यावरची भांडणं अजून शमलेली नाहीत. पण त्याआधी, २००२ मध्ये, प्रत्यक्ष करांवरच्या कृतिदलाचे अध्यक्षही तेच होते. कोणाचा किती कर कापला गेला याची माहिती देशभर एका जाळ्यात यावी, ही शिफारस त्यांची. २००४ मध्ये ते जाळं उभं राहिलं. आज गुरुजींचा पॅन टाकला की बँकेनं कापलेले ११,२०० पडद्यावर आपसूक दिसतात, त्याची मुळं तिथे आहेत. अनुशेषाचं काय झालं ते वाचकांना सांगायला नको. करकपातीचा अनुशेष मात्र पैशापैशानं नोंदला जातो.

२००९ मध्ये बेंगळुरूला केंद्रीय प्रक्रिया केंद्र सुरू झालं. देशात कुठूनही भरा, हिशेब तिथे. सुरुवातीच्या वर्षांची गंमत मी अनुभवली आहे. रिटर्न ऑनलाइन, पण मग एका पानाची पावती छापायची, निळ्या शाईनं सही करायची आणि १२० दिवसांत बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटी पोस्टातल्या एक नंबरच्या पेटीला पाठवायची. साध्या टपालानं किंवा स्पीड पोस्टानं. कुरिअर चालायचं नाही. अकोल्याच्या मोठ्या पोस्टात जुलैअखेर त्या एकाच पत्त्याच्या पाकिटांची चळत लागायची. घडी पावतीवरच्या बारकोडवर पडू नये म्हणून लोक पाकीट काखेत न धरता तळहातावर ताटासारखं धरून आणत. आता ओटीपी चालतो, पण १ ऑगस्ट २०२२ पासून मुदत तीस दिवसांचीच. ती चुकली तर रिटर्न भरूनही न भरल्यासारखं.

माझा स्वतःचा परतावा एकदा दीड वर्ष अडकला. माझी बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली, शाखेचा कोड बदलला आणि पोर्टलवर जुनाच राहिला. पैसे निघाले, कुठेतरी जाऊन थडकले, मागे फिरले. शाखेत विचारलं तर म्हणाले, आयकरवाल्यांना विचारा. आयकराच्या मदतकेंद्राला फोन केला तर म्हणाले, बँकेला विचारा. दोघेही सौजन्यानं बोलले. शेवटी एका विद्यार्थ्यानं पाच मिनिटांत पोर्टलवर खातं नव्यानं पडताळून परतावा पुन्हा मागवून दिला. मी त्याला मिसळ खाऊ घातली. तेव्हापासून या विषयात मी अधिकारानं बोलू लागलो.

परताव्यावर सरकार व्याज देतं, महिन्याला अर्धा टक्का. मुदतीत रिटर्न भरलं तर एक एप्रिलपासून. रक्कम ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही, आणि शंभर रुपयांच्या आतला परतावा खात्यात येतच नाही. ज्यांना पैसे कापलेत हेच चार वर्षांनी कळतं, त्यांनाही एक वाट आहे. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकानं त्याची मुदत सहा वर्षांवरून पाच केली. अशा उशिराच्या परताव्यावर व्याज मात्र मिळत नाही. धरणात, रस्त्यात, बॅरेजखाली जमीन गेलेल्या किती घरांत अशी साठ-साठ हजारांची कात्रण पडून असेल, हा विचार मला त्या बाकावर बसल्या बसल्या आला.

वाट पाहताना आमच्या बाकावर आणखी एक कर निघाला, जो कापतात पण कधी वापस येत नाही. खासगी शाळेतला लिपिक बसला होता, पगार वीस हजार. तो म्हणाला, “माझं रिटर्न निल असते सर. पण फेब्रुवारीत तीनशे कापतेतच.”

महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, मिळून वर्षाला अडीच हजार: महाराष्ट्राचा व्यवसाय कर. अमेरिकेतली आपली पोरं दोन-दोन रिटर्न भरतात, एक केंद्राचं, एक राज्याचं. कॅलिफोर्नियात राज्याचा आयकर भरपूर, टेक्सासात नाहीच. आपल्याकडे बिगरशेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार घटनेनं केंद्राला दिला. राज्याच्या वाट्याला कलम २७६ मधून हा व्यवसाय कर आला आणि त्यावर मर्यादा बसली. आधी वर्षाला अडीचशे, १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीनंतर अडीच हजार. अकरा महिने दोनशे कापले की बावीसशे होतात, मर्यादा गाठायला तीनशे कमी पडतात, म्हणून सर्वांत छोट्या महिन्यात सर्वांत मोठी कपात. राज्याचा आयकर म्हणायचाच तर तो हा एवढाच.

आणि त्याचा जन्म दुष्काळातला. १९७२. मुख्यमंत्री आमच्या वऱ्हाडातले, पुसदचे वसंतराव नाईक. मागेल त्याला काम, ही रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. कामं निघाली, बंधारे, पाझर तलाव, रस्ते, पण पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं आणि खेड्यातल्या मजुरानं त्यावर खडी फोडायची. माझ्या आईनं पाझर तलावावर मातीच्या पाट्या टाकल्या आहेत आणि पुढे माझ्या पगारातून हाच कर कापला गेला. याची सांगड मला नोकरी लागल्यावर वीस वर्षांनी लागली. पगारपत्रकावर ‘पीटी’ एवढीच दोन अक्षरं असतात. रोजगार हमीचा मागमूसही नाही.

या करातल्या सवलती वाचण्यासारख्या आहेत. २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ. पुरुषाला साडेसात हजारांपर्यंतच. म्हणजे त्या लिपिकाच्या शेजारच्या टेबलावर त्याच पगाराची बाई असेल तर तिचे अडीच हजार वाचतात. पासष्टीनंतर माफ. कापड गिरणीतल्या बदली कामगारालाही माफ. सावतराम मिलचा भोंगा थांबून किती वर्षं झाली! अकोल्यात बदली कामगार शोधूनही मिळायचा नाही. पण त्याची सवलत कायद्यात अजून हजेरी लावते आहे.

जुन्या पद्धतीत हे अडीच हजार आयकराच्या उत्पन्नातून वजा होतात. नव्या पद्धतीत तीही सोय नाही. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हटल्यावर कोण तक्रार करणार, हेही खरं.

नवाच्या सुमाराला एक तरुण आत डोकावला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. दुकानदाराशी हळू आवाजात बोलला आणि गेला. “कमिशनवाला आहे,” दुकानदार म्हणाला. नोकरदारांचे परतावे वाढवून देतो म्हणे: न भरलेलं भाडं, न दिलेली देणगी, न घेतलेलं कर्ज. परतावा आला की त्यातला टक्का त्याचा. या धंद्याचं जाळं देशभर आहे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्यानं दीडशे ठिकाणी एकाच वेळी तपासणी सुरू केली आणि सांगितलं, की आधीच्या चार महिन्यांत चाळीसएक हजार करदात्यांनी आपण होऊन रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. मला यात करदात्याची फार कीव येत नाही. भाड्याच्या घरात आपण राहत नाही, हे सही करणाऱ्याला ठाऊक असतं. पण एक गोष्ट खटकते. ज्याचे साठ हजार खरे आहेत तो बाकावर पिशवी घेऊन ताटकळतो, आणि ज्याचे खोटे आहेत त्याच्याकडे माणूस दोन फोन घेऊन दारात येतो.

“तुम्ही करता का?” मी दुकानदाराला विचारलं.

“नाही. मी शंभर रुपये घेतो आणि झेरॉक्सचे वेगळे,” तो म्हणाला आणि ‘राव’कडे वळला.

साडेदहाला शेतकऱ्याचं रिटर्न गेलं. पॅनवरचं नाव तसंच ठेवून. “गेलं. पण खातं जुळलं नाही तं पैसे थांबतीन काका. बँकेत जाऊन नाव दुरुस्त करा लागते.” काकांनी मान हलवली. दुकानदारानं कालनिर्णयच्या कोपऱ्यात त्यांचा फोन नंबर लिहून घेतला. शेवटची एसटी केव्हाच गेली होती. ते राजेश्वराच्या देवळाकडे साडूकडे मुक्कामाला निघाले.

नवरात्र संपल्यावर मी पुन्हा तिकडे गेलो. गुरुजींचे पैसे आले होते: ११,५९२. वरचे ३९२ रुपये सात महिन्यांचं व्याज. गुरुजी खूश. ते ३९२ पुढच्या साली उत्पन्नात दाखवायचे, त्यावरही कर असतो, असं दुकानदारानं सांगितल्यावर त्यांनी खिशातली डायरी काढून आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या, वहीत मारायचे तशा.

काकांच्या नावापुढे पोर्टलवर लाल अक्षरं होती. परतावा निघाला, खात्यात गेला नाही. नाव जुळत नाही. ते समोरच बसले होते, त्याच पिशवीसह. बँकेत जाऊन आले होते. तिथल्या पोरीनं आधार मागितलं, आधारवर ‘राव’ नाही. म्हणाली, आधी आधार दुरुस्त करा किंवा पॅन.

“मंग कोन्तं करू?” काकांनी विचारलं.

दुकानदार विचारात पडला. पॅन बदलला तर कोर्टाच्या कागदाशी जुळेल. आधार बदलला तर पॅनशी जुळेल, पण मग शेतकरी सन्मान योजनेचं खातं फिसकटेल. त्यानं पाठकोऱ्या कागदावर चार रकाने आखले: सातबारा, आधार, पॅन, पासबुक. प्रत्येकाखाली काकांचं नाव जसंच्या तसं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

काकांनी चष्मा लावला. चारही नावं सावकाश वाचली.

“हे तिसरं लय चांगलं दिसते,” ते म्हणाले. “थेच राहू दे.”